आधी सुई, मग रंग

मी तेरा कुत्र्यांना सुई टोचायच्या आधीच रंग लावून टाकला.

वाक्य एवढंच आहे. त्याच्या मागेपुढे काही जोडून ते जरा बरं दिसतं का, हे मी पुष्कळ करून पाहिलं. दिसत नाही. शेवटी ज्यांना सांगायला हवं होतं त्या शेख सिस्टरांच्या दारात उभा राहिलो, तेव्हाही तोंडातून एवढंच आलं. ते ऐकून बाईंनी काय केलं हे सांगायचं, तर आधी बाई कोण ते सांगावं लागेल.

नागापूरच्या एमआयडीसीला लागून आमची कॉलनी आहे. तिच्या चौथ्या गल्लीत शेख सिस्टर एकट्या राहतात. साहेब, म्हणजे त्यांचे यजमान, कधीच गेले. मुलगा पुण्याला. सिस्टरांची सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात, कोपरगावकडच्या खेड्यांत झाली, त्यामुळे घरात उर्दू आणि दाराबाहेर अस्सल उसाच्या फडातली मराठी.

माणसं भेटली की नमस्कार म्हणतात, राम राम म्हणतात, सलाम म्हणतात. शेख सिस्टर म्हणतात, "काय, कुणी चावलं का?"

दूध आणायला निघालेल्याला हेच, लग्नाच्या मांडवात हेच. माझे साडू गेले तेव्हा त्या दहाव्याला आल्या. माझ्या बायकोशेजारी बसल्या, पदराने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "बाकी कुणाला चावलं न्हाई ना?" साडू हृदयविकाराने गेले होते.

त्यांच्या पिशवीत कायम साबणाची वडी असते. अंगाचा वासाचा साबण नव्हे, कपड्यांचा, साधा. "कुत्रं चावलं की नळ सोडायचा. साबण लावायचा. पंधरा मिनिटं. घड्याळ बघून. हळद न्हाई, चुना न्हाई, मिरची न्हाई, अंगारा न्हाई. साबण. आन् मग दवाखाना, त्याच दिवशी." हे त्या इतक्यांदा म्हणतात, की मध्येच खोकला आला तरी ऐकणारा पुढचं म्हणून पुरं करतो. लग्नात आहेर म्हणून त्या बारा वड्यांचा पुडा देतात. माझ्या मुलीच्या लग्नात जोडपं पाया पडलं, तर डोक्यावर हात ठेवून म्हणाल्या, "तारीख चुकवू नका." जावई अजून मला विचारतो, कोणती तारीख.

तारीख म्हणजे सुईची. कुत्रं चावल्यावर दवाखान्यात पहिल्या दिवशी सुई, त्या दिवसाला शून्य म्हणतात, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. माणसं पहिल्या दोन घेतात, जखम सुकते आणि पुढचं विसरतात. विसरू नयेत म्हणून सिस्टरांनी गल्लीतल्या कुत्र्यांची नावंच तशी ठेवली आहेत: शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस. "ए सात, सरक! अठ्ठावीसला खाऊ दे!" असं रोज सकाळी ऐकू येतं. आमच्या गल्लीतल्या पोरांना पाढे येत नाहीत, पण हे आकडे झोपेतही येतात. काही दवाखान्यांत चौदाव्या दिवशीही सुई देतात, म्हणून एक चौदापण आहे. ती दुसऱ्या गल्लीत राहते.

बाकी कुत्री त्यांनी पाळलेली नाहीत. एकही उंबऱ्याच्या आत येत नाही. कुणी विचारलं तर म्हणतात, "मी पाळत न्हाई. मी टोचून घेते."

हे टोचून घेणं निवृत्तीनंतर सुरू झालं. "पस्तीस वर्सं मानसांच्या मागं पळाले," त्या सांगतात. "चौथी सुई घ्या, आवो चौथी घ्या. मानूस घराच्या मागच्या दारानं पळून जायचा. कुत्रं निदान बिस्किटाला तरी येतं." शहरातले एक जनावरांचे डॉक्टर त्यांनी गाठले. महिन्यातल्या एका रविवारी डॉक्टर लशीची पेटी घेऊन येतात, पाण्याच्या टाकीखाली सतरंजी पसरते आणि तिथे कुत्र्यांचा दवाखाना भरतो. खरूज, जखमा, पोटातले जंत, आणि मुख्य म्हणजे पिसाळण्याविरुद्धची सुई.

काम सुरू करताना सिस्टर "दमले बाई" म्हणतात. बाकीचे लोक काम झाल्यावर दमतात. सिस्टर आधी दमून घेतात, मग कामाला लागतात. त्यांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला आहे, तो त्यांनी मंजूर केलेला नाही. मीही दमतो, पण माझं दमणं आरामखुर्चीत होतं, त्याला कोणी किंमत देत नाही.

तर असल्या एका रविवारी त्यांनी माझ्या हातात ब्रश दिला. काम सोपं होतं. सिस्टर बिस्किट दाखवून कुत्रं धरणार, डॉक्टर टोचणार, आणि टोचलेल्या कुत्र्याच्या दोन कानांच्या मधे मी लाल रंगाचा पट्टा ओढणार. धनगर मेंढ्यांच्या पाठीवर खुणेला लावतात तो रंग, पंधरावीस दिवस टिकतो. तेवढ्यावरून कुणाचं झालं आणि कुणाचं राहिलं ते कळतं.

आता माझ्या नोकरीबद्दल. मी एका कारखान्यात स्टोअरला आहे. आमच्याकडे माल तपासून झाला की त्यावर पिवळा ठिपका द्यायचा असतो. पण गेटवर टेम्पोवाला हॉर्न वाजवत असतो आणि तपासणारा माणूस चहाला गेलेला असतो. मग आम्ही ठिपके आधी देऊन ठेवतो, तपासणी सवडीने. एकोणीस वर्षांत यातून काही बिघडलेलं नाही. म्हणजे बिघडलं असेल ते गिऱ्हाइकाच्या दारात, आमच्या नाही.

एकवीस कुत्री झाली होती. ऊन चढलं होतं. पलीकडे तेरा कुत्री बिस्किटं खात एका ओळीत इतकी शहाण्यासारखी बसली होती, की मला आमच्या स्टोअरमधल्या फळीचीच आठवण झाली. म्हटलं, सिस्टर दमल्यात, डॉक्टर घामाघूम झालेत, आपण आपलं काम पुढे नेऊन ठेवू. ब्रश बुडवला आणि ओळीने तेरा पट्टे ओढले. पट्टे फार सरळ आले होते.

त्याच वेळी समोरच्या शेडमध्ये नव्या जेसीबीची पूजा होती. नारळ फुटला आणि फटाक्यांची माळ लागली.

धूर ओसरला तेव्हा मैदानात सिस्टर, डॉक्टर, सतरंजी आणि ब्रश घेतलेला मी एवढेच उरलो होतो. तेरा कुत्री लाल पट्टे मिरवत एमआयडीसीभर पांगली होती, आणि आधीची खरोखर टोचलेली एकवीसही त्यांच्यात मिसळली होती.

"रंगाची किती झाली?" सिस्टरांनी विचारलं.

"चौतीस," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

डॉक्टरांनी पेटीत पाहिलं. "लस बरीच उरली. या वेळी जास्तच आणली वाटतं."

मी मान हलवली. ती मान मी का हलवली, हे मला आजवर समजलेलं नाही. तिला लहानपणापासून तशी सवय आहे.

तीन दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की पुढच्या महिन्यात सगळ्यांना पुन्हा टोचू, तोवर कुठे काय होतंय. चौथ्या दिवशी संध्याकाळी कोपऱ्यावर हौसाबाईंकडे भाजी घ्यायला गेलो. हौसाबाई पलीकडच्या वस्तीवरून टोपलं घेऊन येतात आणि कॉलनीच्या तोंडाशी बसतात. त्यांच्या पोटरीला फडकं बांधलेलं होतं.

"काय झालं हो?"

"कुत्रं डसलं काल सकाळी. टोपल्याखालची पिशवी समजून वढाया गेले, तर त्याचाच पाय हुता. मिसरी दाबली."

"दवाखान्यात गेलात का?"

"कशाला? लाल पट्ट्याचं हुतं की! सिस्टरबाईंनी टोचलेलं. आता काय हुतंय?"

मी एक किलो वांगी घेतली. घराच्या दिशेने वीस पावलं गेलो, परत आलो आणि आणखी एक किलो वांगी घेतली. विचारलं, "कुत्रं कोणतं?" "पिवळं, मागच्या पायानं लंगडतं." लंगडं पिवळं कुत्रं मला चांगलं आठवत होतं. ओळीत ते चौथं बसलं होतं आणि पट्टा ओढताना त्याने माझा हात चाटला होता. मी अर्धा किलो वांगी घेतली.

"अडीच किलो वांगी?" बायको म्हणाली. "कोणाच्या पंक्तीला?"

मी तिला सगळं सांगितलं. ती पिशवी खाली ठेवून म्हणाली, "हे मला सांगून त्या बाईचा पाय बरा होणार आहे का?"

शेख सिस्टर ओट्यावर मटार सोलत होत्या. मला बघून म्हणाल्या, "काय जगतापभाऊ, कुणी चावलं का?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी हो म्हणालो. आणि मग ते वाक्य म्हणालो.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. मी त्याची तयारी करून गेलो होतो. पण त्यांनी हातातली शेंग पुरती सोलली, दाणे ताटात टाकले आणि ताट बाजूला सारलं. मग "दमले बाई" म्हणाल्या आणि चपला घातल्या. पिशवीत साबण होताच.

हौसाबाई टोपलं आवरत होत्या. "सिस्टरबाई, काय हुत न्हाई. पट्टा हुता त्येला."

"पट्टा खोटा हाय," सिस्टर म्हणाल्या. कुणी लावला ते म्हणाल्या नाहीत. मी म्हणालो, "मी लावला."

हौसाबाईंनी मला खालून वर पाहिलं. "रंग लावाया बी येत न्हाई व्हय? मग कारखान्यात काय करता?"

"आन् पट्टा खरा असता तरी सुई घ्यायचीच असती," सिस्टर म्हणाल्या. "भरवसा सुईवर ठेवायचा, पट्ट्यावर न्हाई. चला, नळ कुठंय?"

एक दिवस उलटून गेला होता, तरी त्यांनी ती मिसरी काढली आणि जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायला घेतली. घड्याळ माझ्याकडे दिलं. बारा मिनिटं झाल्यावर मी म्हणालो, "झालं." सिस्टरांनी मान वर करून नुसतं पाहिलं. उरलेली तीन मिनिटं मी एक एक सेकंद मोजला.

मग रिक्षा, सरकारी दवाखाना, रांग. हौसाबाई सारख्या उठून निघायच्या, सिस्टर पदर धरून बसवायच्या. रक्त आलेलं होतं म्हणून जखमेभोवती भरायचं ते वेगळं औषधही द्यावं लागलं. हौसाबाईंनी त्या वेळी माझ्या घराण्याबद्दल जे शब्द वापरले ते इथे देत नाही, पण अभ्यास दांडगा होता. तिथल्या नर्सने सुई भरता भरता कार्ड ओढून पेन काढलं, तर सिस्टरांनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"आधी टोच बेटा. मग लिही."

मला वाटलं, हा टोमणा मलाच आहे.

बाहेर आल्यावर त्यांनी मला दोन कामं सांगितली. पहिलं, कॉलनीत घरोघरी जाऊन सांगायचं की लाल पट्ट्यावर विश्वास ठेवू नका. बेचाळीस घरं होती. प्रत्येक घरात "का बरं?" असं विचारत होते, आणि प्रत्येक घरात मला कारण सांगावं लागत होतं. दुसरं, त्या लंगड्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची. दहा दिवस ते खातंपितं, धडधाकट राहिलं तर चावलं तेव्हा ते पिसाळलेलं नव्हतं असं समजायचं. सुया तरीही चालू राहणार. कुत्र्याचं नाव सिस्टरांनी तिथल्या तिथे ठेवून टाकलं: दहा.

दहा आमच्या कारखान्याच्या गेटजवळ राहायचं. मी ड्यूटीवर जाताना लांबूनच भाकरी टाकायचो, सुटताना पाणी ठेवायचो आणि पितंय का बघत उभा राहायचो. गेटवरचा वॉचमन विचारायचा, "काय साहेब, पेशंट कसाय?" संध्याकाळी सिस्टर थर्मास घेऊन यायच्या. आम्ही दोघं रस्त्याकडेच्या सिमेंटच्या पाइपावर बसून चहा प्यायचो आणि एका लंगड्या कुत्र्याकडे पाहायचो. माझ्या संसारात मी कुणाकडे इतका वेळ पाहिलेलं नाही.

सहाव्या दिवशी दहा दिसेना. भाकरी तशीच, पाणी तसंच. मी अर्धी एमआयडीसी पालथी घातली. शेडच्या मागे, गटाराच्या कडेला, भंगाराच्या ढिगात. "दहा! दहा!" असं ओरडत फिरणाऱ्या माणसाला कामगार वाट करून देत होते. मला दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त हौसाबाईंची ती पोटरी. रडकुंडीला येऊन कॉलनीच्या तोंडाशी आलो, तर दहा हौसाबाईंच्या टोपल्याच्या सावलीत पाय पसरून झोपलेलं.

"आवो, हे इथं कसं?"

"भाकर खाऊन निजलंय," हौसाबाई म्हणाल्या. "तीन दिस झाले येतंय."

"तुम्हाला चावलेलं कुत्रं आहे हे!"

"मंग? डसलं म्हून उपाशी मारायचं का? लांबून टाकते मी. मला काय तुमच्यावानी समजत न्हाई व्हय?"

दहाव्या दिवशी संध्याकाळी दहाने दोन भाकरी खाल्ल्या, वाटीभर पाणी प्यायलं आणि एका टेम्पोच्या चाकावर पाय वर केला. सिस्टरांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता शिव्या येतील. दहा दिवस साठवून ठेवल्या असतील.

"जगतापभाऊ," त्या म्हणाल्या, "मी बी रंग आधीच लावला व्हता."

मी कप खाली ठेवला.

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट होती. कोपरगावकडे, साखर कारखान्याच्या हंगामात. ऊसतोडीच्या टोळीतली एक बाई, मंगल नावाची, कोपीबाहेर, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीबाहेर, कुत्रं हाताला चावलं म्हणून दवाखान्यात आली. उजव्या अंगठ्याच्या मुळाशी. दोन सुया झाल्या. तिसरीला आली त्या दिवशी लस संपलेली, दुसऱ्या दिवशी सकाळी यायची होती. मंगल म्हणाली, सकाळी येते. सिस्टरांना महिन्याचा रिपोर्ट पुरा करायचा होता. त्यांनी कार्डावर तिसऱ्या सुईची खूण करून कार्ड तिच्या हातात दिलं. सकाळी नुसतं टोचायचं बाकी.

"सकाळी कोप्या रिकाम्या. टोळी रातोरात दुसऱ्या कारखान्याला गेली. कुठल्या, कुनाला ठाऊक न्हाई." त्या थर्मासचं झाकण फिरवत होत्या. "ती गेली असती दुसऱ्या दवाखान्यात. शानी व्हती. पन कार्डावर खूण व्हती ना. तिथल्या नर्सनं बघितलं असंल, म्हनली असंल, बाई, तुझी झालीया."

"मग पुढे?"

"पुढं काय. गेली का राहिली, मला आजवर ठाऊक न्हाई."

आता मला आणखी एक मूर्खपणा सांगितला पाहिजे. सिस्टर दर हिवाळ्यात चारसहा दिवस कोपरगावच्या एसटीने जातात. आम्ही कॉलनीवाले समजत होतो, बाई शिर्डीला जातात. माझी बायको दर वर्षी सांगायची, "सिस्टर, येताना प्रसाद आणा हं." आणि त्या आणायच्या. त्या जायच्या ऊसतोडीच्या कोप्यांवर. एका कोपीवरून दुसऱ्या कोपीवर, गुडघ्यांना तेल चोळत, पिशवीत साबण घेऊन. बायकांना विचारायच्या, कुणी चावलं का? आणि मग विचारायच्या, मंगल नावाची कुणी बाई हाय का, उजव्या अंगठ्यापाशी व्रण असलेली? आता साठीची असंल. मंगल पुष्कळ भेटल्या, तो अंगठा भेटला नाही. परतीच्या वाटेवर त्या शिर्डीला उतरायच्या, आमच्यासाठी प्रसाद घ्यायच्या आणि पुढची गाडी पकडायच्या. आम्ही तो खाऊन वर म्हणायचो, या वेळी जरा कमीच आणला.

मला काही तरी बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "सिस्टर, येत्या हंगामात मी येतो बरोबर. पिशवी धरायला."

"नको बाई," त्या म्हणाल्या. "तुमी वांगी घेत बसाल."

अकराव्या दिवशी डॉक्टरांनी जादा दवाखाना ठेवला. या वेळी रंग निळा. लाल असो, नसो, सापडेल त्या प्रत्येक कुत्र्याला पुन्हा टोचायचं ठरलं होतं. "दमले बाई," सिस्टर म्हणाल्या आणि सतरंजीवर बसल्या. मी आपलं बिस्किटांच्या पुड्यांकडे वळलो, तर त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला.

"मी? पुन्हा?"

"दुसऱ्या कुनाला दिला, तर तो नवीन चूक करंल. तुमची झालीया."

त्या दिवशी मी दर वेळी डॉक्टरांची सुई बाहेर निघालेली डोळ्यांनी पाहायचो, "टोचलं?" असं मोठ्याने विचारायचो, डॉक्टर "टोचलं" म्हणायचे, आणि मगच ब्रश बुडवायचो. विसाव्या कुत्र्यानंतर डॉक्टर नुसतेच हुं म्हणायला लागले. मी हुं धरलं नाही. ऊन डोक्यावर आलं. पाठ मोडली. कुत्री काही संपत नव्हती; संपल्यासारखी वाटली की गल्लीतून आणखी दोन यायची. शेवटी दहा आलं, लंगडत, आपण होऊन. टोचून झालं, मी पट्टा ओढला, आणि त्याने पुढचे पाय माझ्या खांद्यावर टाकून आपलं ओलं डोकं माझ्या कपाळावर घासलं.

हौसाबाई टोपलं घेऊन तिथूनच चालल्या होत्या. थांबल्या. माझ्या कपाळावरच्या निळ्या पट्ट्याकडे त्यांनी नीट पाहून घेतलं आणि सिस्टरांना विचारलं,

"ह्यांना टोचलंय, का नुसताच रंग लावलाय?"